वाचक विचारतात : जिवाणूच्या कमरेची सुतळी

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती : नवीन अँटिबायोटिक शोधणारे काही लोक आता जिवाणूचं ‘एकाचे दोन होणं’ अडवायच्या मागे लागलेत. ओळ एकच, पत्रं मात्र ढीगभर आली. त्यातली सात इथे घेतली आहेत. दोघांनी दुखण्याचं वर्णन करून गोळीचं नाव मागितलं आहे. त्यांनी माफ करावं, मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, एवढाच माझा अधिकार.

प्रश्न : जिवाणूचे दोन होतात म्हणजे नेमकं काय होतं? मुलाच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात ‘एफटीएसझेड’ असं नाव आणि एक चित्र आहे, बाकी काही नाही. (एक पालक, शिरपूर)

उत्तर : ते चित्र मीही फळ्यावर शेकडो वेळा काढलं असेल. एक लांबट गोळी, मध्ये चिमटा, मग दोन गोळ्या. तो चिमटा कोण काढतं, हे मी शिकत होते तेव्हा आमच्या सरांनाही ठाऊक नव्हतं.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या. लांबी साधारण दोन मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे पाचशे तुकडे केले तर त्यातला एक तुकडा. खायला भरपूर आणि अंगाला ऊब मिळाली की वीस मिनिटांत एकाचे दोन. आधी तो लांबतो, डीएनएची दुसरी प्रत काढतो, प्रती दोन टोकांकडे सरकतात. मग बरोबर मध्यावर, पडद्याच्या आतल्या अंगाने, एक कडं तयार होतं. गव्हाची गोणी मधोमध सुतळीने बांधावी तसं. ही सुतळी ज्या प्रथिनाची असते तेच एफटीएसझेड. अर्फेई बी आणि जो लुटकेनहाउस यांनी १९९१ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते कड्यासारखं बसलेलं दाखवलं.

सुतळी म्हटलं खरं, पण ती अखंड नसते. एफटीएसझेडचे हजारो सुटे मणी असतात, ते एकाला एक लागून आखूड दोऱ्या बनतात आणि त्या दोऱ्या कमरेभोवती सरकत राहतात. कशा सरकतात हे कळायला शिरपूरच्या माणसाला लांब जायला नको. स्प्रिंकलरची लाइन एका पट्ट्यातून पुढच्या पट्ट्यात नेताना आपण काय करतो? मागचा पाइप सोडवायचा, पुढे नेऊन जोडायचा. पुन्हा मागचा सोडवायचा, पुढे जोडायचा. पाइप तेवढेच, लाइनची लांबी तेवढीच, पण लाइन शेतातून पुढे जाते. एफटीएसझेडच्या दोरीचं हेच चालतं : पुढच्या टोकाला मणी लागतो, मागच्या टोकाचा गळतो. या कामाला जीटीपी नावाचं इंधन लागतं. २०१७ मध्ये दोन गटांनी जिवंत जिवाणूंत ही हालचाल टिपली, आणि दिसलं असं की दोरी सरकते तशी तिच्यामागे भिंत बांधणारी एन्झाइमंही सरकतात. म्हणजे सुतळी आवळून कंबर तुटते असं आपण समजत होतो, तर तिथे गवंडी भिंत गोल गोल बांधत आत आणतात आणि सुतळी त्यांना फिरवते, असं निघालं. आवळण्याचा वाटा किती यावर अजून वाद आहे. मला गवंड्यांची बाजू पटते.

कडं मध्यावरच का बसतं, तर टोकाला बसू नये म्हणून ‘मिन’ नावाची प्रथिनं पहारा देतात. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत मिनिटाच्या आत जाऊन परत येतात. गल्लीत दोन्ही टोकांना शिट्टी मारत फिरणाऱ्या गुरख्यासारखी. त्यामुळे टोकाला मणी जमूच शकत नाहीत, जमले तर मध्येच.

मुलाला सांगा, परीक्षेत पाइपचं उदाहरण लिही. परीक्षक शेतकऱ्याचा मुलगा असेल तर मार्क देईल.

प्रश्न : एवढं विचित्र नाव का ठेवलं? (एक विद्यार्थिनी, भुसावळ)

उत्तर : यातला ‘एफटीएस’ म्हणजे तापमान वाढलं की धाग्यासारखा लांबणारा. १९६०च्या दशकात पॅरिसमध्ये ई. कोलायचे असे बिघडलेले वाण वेगळे केले गेले. तीस अंशांना ते नीट दोन होतात, बेचाळीसला ठेवले की वाढतात पण तुटत नाहीत, नुसते लांबत जातात. ज्या ज्या जनुकात बिघाड सापडला त्याला एकेक अक्षर दिलं, त्यातलं हे झेड. पॅरिसच्या लोकांना बेचाळीस अंशांसाठी उबवणी पेटी लागली. भुसावळला मे महिन्यात टेबलावर ठेवले असते तरी काम झालं असतं.

प्रश्न : मॅडम, पंचवीस वर्षं मेडिकल चालवतो. दर वर्षी ‘नवीन पद्धतीचं अँटिबायोटिक’ ऐकतो. यात खरंच नवीन काय? माझ्या फळीवर असं काही आहे का? (एक औषध दुकानदार, पारोळा)

उत्तर : आहे. तुमच्या फळीवर सेफॅलेक्सिन आहे ना? ते हेच करतं.

भिंत बांधणाऱ्या गवंड्यांपैकी एकाचं नाव एफटीएसआय. ई. कोलायमध्ये सेफॅलेक्सिन मुख्यतः त्यालाच जाऊन चिकटतं. बाकीचे गवंडी काम करत राहतात, म्हणून जिवाणू लांबीला वाढतो, पण मधली भिंत घालणारा हात बांधलेला. पेनिसिलिनच्या घराण्यातली ही मंडळी वापरात आली तेव्हा ‘पेशीविभाजन अडवणारं औषध’ असं कोणी म्हणत नव्हतं, एवढंच.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याची गोष्ट सांगते. टी.वाय.च्या मुलांना प्रयोग द्यायचा होता. प्रयोगशाळेतला निरुपद्रवी ई. कोलाय, न्यूट्रिएंट ब्रॉथ आणि दुकानातून आणलेली सेफॅलेक्सिनची एक कॅप्सूल. पहिल्या दिवशी मी हिशेबात दशांश चुकवला आणि दहापट औषध घातलं. दोन तासांनी काचपट्टीवर रंग देऊन पाहिलं तर सगळ्या चिंध्या. मात्रा जास्त झाली की ते बाकीच्या गवंड्यांनाही धरतं आणि पेशी फुटतात. मुलं म्हणाली, मॅडम, औषध चांगलं आहे. दुसऱ्या दिवशी मात्रा बरोबर घेतली, तर साडेअकराला लोडशेडिंग. वॉटर बाथ गार पडला, जिवाणू जेमतेम दुप्पट लांबले. तिसऱ्या दिवशी वीज टिकली. क्रिस्टल व्हायोलेट दिलं, तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स खाली आणली, आणि काचेवर शेवया! अक्षयतृतीयेच्या आधी गच्चीवर खाटेला शेवया वाळत घालतात ना, तशा जांभळ्या, लांबच लांब, एकमेकींवर पडलेल्या. शेजारच्या औषध न घातलेल्या नळीत तेच जिवाणू तांदळाच्या कणीएवढे. एक मुलगा डोळा काढेचना, मागे रांग लागली.

तर नवीन काय? पेनिसिलिनच्या घराण्यावर जिवाणूंनी तोड काढली आहे. ते औषध कापणारी एन्झाइमं बनवतात. म्हणून गवंड्याला सोडून सुतळीलाच हात घालायचा, हा नवा विचार. एफटीएसझेड बहुतेक सगळ्या जिवाणूंत असतं, त्याच्याशिवाय त्यांचं चालत नाही, आणि त्याच्यावर मारा करणारं एकही औषध आज तुमच्या फळीवर नाही. त्यामुळे त्याला सरावलेले जिवाणूही दवाखान्यांत फिरत नाहीत. हा मोठा फायदा. उद्या असं औषध आलं तर तो फायदा किती वर्षं टिकेल हे थोडं तुमच्याही हातात आहे, दादा. २०१४ पासून शेड्यूल एच-वनची, म्हणजे चिठ्ठीवर दिलेल्या औषधांच्या नोंदीची, वही आहे, पट्टीवर लाल रेष आहे. तरी गेल्या दिवाळीत माझ्याच गल्लीत एका दुकानात भाचीच्या सर्दीसाठी चिठ्ठीशिवाय तीन गोळ्या सुट्या कापून मिळाल्या. सर्दी व्हायरसची, गोळी जिवाणूची, डोस अर्धवट. मी त्या दुकानदाराशी भांडले, आता तो मला बघून मागच्या खोलीत जातो.

प्रश्न : पन मॅडम, ते जिवाणू नुस्ता लांब व्हतस, का मरतस बी? (एक वाचक, धुळे तालुका)

उत्तर : सगळ्या पत्रांत खरा नेमका प्रश्न हाच.

लगेच मरत नाहीत. लांबलेल्या शेवईत डीएनएच्या चार, आठ, सोळा प्रती असतात. औषध लवकर काढून घेतलं तर ती शेवई जागोजागी तुटते आणि एकाचे एकदम आठ होतात! औषध पुरेसा वेळ राहिलं तर मात्र एवढा लांबडा देह पेलवत नाही, भिंत कुठेतरी कच्ची राहते आणि फुटते. शिवाय शरीरात आपल्या पांढऱ्या पेशी कामाला असतातच.

पण त्यांच्याबाबतीतही गंमत आहे. डीएनएला इजा झाली की ई. कोलाय स्वतःच सुलए नावाचं प्रथिन तयार करतो आणि ते एफटीएसझेडला धरून ठेवतं. घराची दुरुस्ती होईपर्यंत वाटणी नको, असा प्रकार. मूत्राशयाच्या संसर्गात हेच जिवाणू मुद्दाम लांब होतात, आणि एवढा लांब धागा पांढऱ्या पेशीला गिळता येत नाही. म्हणजे लांब होणं ही त्यांची शिक्षाही आहे आणि पळवाटही. म्हणून या विषयात काम करणारे आता एकट्या औषधावर भिस्त ठेवत नाहीत. सुतळी धरणारं एक आणि भिंतीवर घाव घालणारं एक, अशी जोडी लावतात. मेथिसिलिन या पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या औषधाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या गोल जिवाणूवर अशी जोडी चालते, हे उंदरांत दिसलं आहे. एकट्याने ज्याचं काही वाकडं होत नव्हतं ते जुनं औषध जोडीने पुन्हा लागू पडतं.

प्रश्न : केळीत कंद सडला की आम्ही स्ट्रेप्टोसायक्लिन सोडतो. हे नवीन औषध शेतीला मिळेल का? (एक केळी उत्पादक, रावेर)

उत्तर : मिळू नये, अशी माझी इच्छा आहे, आणि कारण केळीच्या पानातच आहे.

पानाला हिरवं करणारी हरितलवकं म्हणजे मुळात दीडएक अब्ज वर्षांपूर्वी पेशीत मुक्कामाला आलेले जिवाणूच. पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले. पण माहेरची सुतळी त्यांनी सोडली नाही. हरितलवक एकाचं दोन होतं ते आजही एफटीएसझेडचं कडं घालूनच. एका मोहरीवर्गातल्या लहान रोपात शास्त्रज्ञांनी हे प्रथिन कमी केलं, तर ज्या पेशीत शंभराच्या आसपास हरितलवकं असायची तिथे एखाददुसरंच, पण अवाढव्य, दिसलं. तेव्हा जिवाणूची सुतळी तोडणारं औषध पानावर मारलं तर ते पानालाही ओळखेल, ही शक्यता राहतेच. स्ट्रेप्टोसायक्लिनची मात्रा चढली की पान पिवळं पडतं, ते तुम्ही पाहिलं असेल. त्यातल्या स्ट्रेप्टोमायसिनला जिवाणूची आणि हरितलवकाची प्रथिनं बनवायची यंत्रं सारखीच दिसतात.

माणसाच्या बाबतीत ही अडचण नाही. आपल्या पेशीतल्या, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाही अशाच जुन्या पाहुण्या, पण त्यांनी ही सुतळी कधीच टाकून दिली. आपल्यात तिची फक्त लांबची चुलत बहीण उरली आहे, ट्यूब्युलिन. १९९८ मध्ये दोघींची घडण समोर आली तेव्हा चेहरामोहरा थक्क करण्याएवढा सारखा निघाला, पण अमिनो आम्लांची माळ बरीच वेगळी. तुमच्या अंगणात सदाफुली असेल. तिच्यातलं व्हिनब्लास्टिन ट्यूब्युलिनला धरतं आणि कॅन्सरच्या पेशीचं दोन होणं थांबवतं. बांधावरच्या कळलावीतलं कोल्चिसिनही ट्यूब्युलिनलाच धरतं. म्हणजे या घराण्यातल्या प्रथिनावर औषध चालू शकतं हे निसर्गाने आधीच दाखवलंय. जिवाणूच्या बहिणीला धरायचं आणि आपलीला सोडायचं, ही कसरत.

आणि रावेरकडे ज्यावर सगळे हमखास फवारतात तो सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक, हा व्हायरस आहे. त्याला भिंत नाही, सुतळी नाही. त्याच्यावर अँटिबायोटिक मारणं म्हणजे पाण्यात पैसे. रोगट झाड उपटा, माव्याचा बंदोबस्त करा.

प्रश्न : नातू म्हणतो हळदीनेही जिवाणूंचं दोन होणं थांबतं. मग आम्ही म्हाताऱ्या काय वेगळं सांगत होतो? (एक आजी, अमळनेर)

उत्तर : आजी, नातू खोटं बोलत नाही. आयआयटी मुंबईच्या दुलाल पांडा यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवलं की हळदीतलं कर्क्युमिन एफटीएसझेडच्या दोऱ्या जुळू देत नाही, आणि बॅसिलस जातीचे जिवाणू त्याने लांब होतात. त्याच वर्षी दारुहळदीतल्या बर्बेरिनबद्दलही तसंच छापून आलं.

पण परीक्षानळीत आणि पोटात फरक असतो. हळद खाल्ली तर कर्क्युमिन रक्तात नावालाच पोचतं, पोचलं तरी टिकत नाही. त्यात ते असं रसायन आहे की प्रयोगशाळेत कशातही घाला, काहीतरी परिणाम दाखवतंच. त्यामुळे औषध शोधणारे त्याच्याकडे जरा संशयाने बघतात. बर्बेरिनचं दुखणं वेगळं : ते आत शिरलं की स्टॅफिलोकॉकस पंप लावून त्याला बाहेर फेकतो. यात मला भारी आवडलेली गोष्ट अशी की, दारुहळदीच्या घराण्यातल्या काही झुडपांत तो पंप बंद पाडणारं दुसरं द्रव्यही सापडलंय. झाड दोन्ही एकत्र बनवतं. जोडी लावायची अक्कल आपल्या आधी झुडपाला होती.

कापलं-भाजलं तर हळद लावा, माझी आईही लावायची. ताप उतरत नसेल तर दवाखान्यात जा.

प्रश्न : मी आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. हे औषध आमच्यापर्यंत कधी येईल? टीबीवर चालेल का? (नंदुरबार जिल्हा)

उत्तर : सिस्टर, तारीख सांगता येत नाही. वाट कुठे अडली आहे ते सांगते.

२००८ मध्ये पीसी-१९०७२३ नावाच्या रेणूने उंदरांना स्टॅफिलोकॉकसच्या जीवघेण्या संसर्गातून वाचवलं. तो एफटीएसझेडच्या एका खाचेत बसतो आणि दोऱ्या तुटूच देत नाही. आपल्या पाइपच्या भाषेत, सगळे कपलिंग गंजून घट्ट बसले, लाइन पुढे सरकेना. गोल जिवाणू फुगून फुगा होतो. पण हा रेणू शरीरात फार लवकर मोडायचा. त्याची सुधारलेली आवृत्ती टीएक्सए-७०९ पोटातून घेता येते आणि जास्त टिकते. दुसरी अडचण, प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदललं की जिवाणू निसटतो. तिसरी सगळ्यांत मोठी. ई. कोलाय, क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर या ग्रॅम-निगेटिव्ह मंडळींना बाहेरून आणखी एक पडदा असतो आणि वर पंप. सुतळी त्यांच्यातही आहे, पण औषध तिथवर जात नाही. आयसीयूत छळतात ते नेमके हेच. टीबीचा जंतू तर एकाचे दोन व्हायला जवळपास दिवस घेतो, मेणचट जाड भिंतीत बसून. जो क्वचित दोन होतो त्याला दोन होताना पकडणारं औषध किती दिवस द्यावं लागेल, विचार करा. टीबीच्या एफटीएसझेडवर काम चालू आहे, पण तुमच्या रुग्णांची आत्ताची गोळी त्यासाठी एक दिवसही चुकायला नको.

आणि पैशाचं सांगायलाच हवं. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. तरी नवीन अँटिबायोटिक आणणाऱ्याचं दिवाळं निघतं, कारण चांगलं औषध डॉक्टर कपाटात राखून ठेवतात आणि रुग्ण ते आठवडाभर घेऊन थांबतो. बीपीच्या गोळीसारखं जन्मभर नाही. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लॅझोमायसिनला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. रेणू सापडत नाहीत असं नाही, त्यांना पोसणारं कोणी नाही.

जाता जाता, चोपड्याहून एका शिक्षकाने विचारलंय की शाळेच्या मायक्रोस्कोपखाली हे मुलांना दाखवता येईल का. अँटिबायोटिक घालून जिवाणू वाढवायचा उद्योग शाळेत करू नका. दही घ्या. काडीच्या टोकाएवढं दही पाण्याच्या थेंबात कालवा, काचेवर पातळ पसरा, वाळवा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा, मिथिलिन ब्लूचा थेंब मिनिटभर ठेवून हळूच धुवा. साय आली तर नुसते स्निग्धाचे गोळे दिसतील, म्हणून सायीखालचं घ्या. शंभरची लेन्स हवी, चाळीसने मुलं कंटाळतील. गोल जिवाणूंच्या माळा दिसतील, आणि माळेत दोन-दोन मणी जोडीने चिकटलेले, मध्ये बारीक कंबर. कडं दिसणार नाही, कंबर दिसेल. दही सकाळी लागलेलं असलं तर जास्त जोड्या सापडतात.